नगरचा स्पाइक: तोफखान्यातून रेडिओवर, टीव्हीवर आणि मग कादंबरीत

नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं साफसूफ करून इथे टाकतेय. बोलण्याच्या भरात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी सगळं तेच.

मागच्या भागात आपण स्पेनच्या आर्तुरो पेरेस-रेवेर्तेबद्दल बोललो होतो. ज्यांनी तो भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1951 साली जन्मलेला हा माणूस 1973 ते 1994 अशी एकवीस वर्षं युद्धाच्या बातम्या देत फिरला. आधी बारा वर्षं वर्तमानपत्रासाठी, मग नऊ वर्षं स्पेनच्या सरकारी टीव्हीसाठी. लेबनॉन, एरिट्रिया, फॉकलंड, आखाती युद्ध, शेवटी बोस्निया. बातमीदारी चालू असतानाच त्याने कादंबऱ्या लिहायला सुरुवात केली. 1994 मध्ये टीव्हीची नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ‘तेरितोरियो कोमांचे’ हे छोटं पुस्तक आलं. त्यात एक बातमीदार आणि त्याचा कॅमेरामन बोस्नियातल्या एका पुलाजवळ थांबलेत, पूल उडवला जाईल तेव्हा तो क्षण कॅमेऱ्यात पकडायचा म्हणून. थांबता थांबता आधीची सगळी युद्धं त्यांच्या डोक्यात येत राहतात. प्रेक्षकांना टीव्हीवर फक्त पूल उडताना दिसणार. थांबलेल्या दोन माणसांच्या डोक्यात काय चाललंय ते बातमीत कुठे बसवणार? ते पुस्तकात आलं.

तर तो भाग ऐकून श्रीगोंद्याच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. “ताई, हे सगळं स्पेनचं झालं. युद्ध बघून आलेला, टीव्हीवर काम केलेला आणि मग कादंबरीकार झालेला आपल्या जिल्ह्यातला कोणी आहे का?”

मी आधी हसले. मग म्हटलं, थांब, आहे की! तो बातमीदार नव्हता, साधा सैनिक होता. मराठी नव्हता. नगरला फार वर्षं राहिलाही नाही. पण जन्म नगरचा, आणि बाकीचं सगळं जुळतं: युद्ध, रेडिओ, टीव्ही, कादंबरी. त्याचं नाव स्पाइक मिलिगन. आजचा भाग त्याच्यावर.

1918, अहमदनगर

आपलं नगर, म्हणजे आता अधिकृतपणे अहिल्यानगर, हे लष्कराचं गाव आहे हे तुम्हाला सांगायला नको. भिंगारच्या बाजूने गेलात की कॅन्टोन्मेंटच्या भिंती लागतात. रणगाड्यांच्या दलाचं मुख्य प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि शाळेच्या सहलीत बहुतेकांनी रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलेलं आहे. पण ही छावणी स्वातंत्र्यानंतरची नाही. 1803 मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला आणि पुढे इथे गोऱ्या फौजेचा वावर राहिला.

त्या फौजेत लिओ मिलिगन नावाचा एक आयरिश माणूस होता. आयर्लंडमधल्या स्लायगोचा, नोकरी तोफखान्यात. बायको फ्लॉरेन्स इंग्लिश. 16 एप्रिल 1918 रोजी त्यांना नगरला मुलगा झाला. नाव ठेवलं टेरेन्स अॅलन. ‘स्पाइक’ हे नाव त्याला पुढे मोठेपणी चिकटलं.

पहिलं महायुद्ध संपायला अजून काही महिने बाकी होते. म्हणजे पोरगं जन्मलं तेच युद्धाच्या काळात, लष्करी छावणीत, तोफखान्यातल्या बापाच्या पोटी. पुढे घर पुण्याला गेलं आणि त्याची सुरुवातीची शाळा पुण्यातच झाली. नंतर वडिलांची बदली ब्रह्मदेशात, रंगूनला झाली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने खर्चकपात केली, वडिलांची नोकरी संपली आणि कुटुंब बोटीने इंग्लंडला गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा मुलगा इंग्लंडला ‘परत’ गेला असं आपण म्हणू शकत नाही, कारण तो तिथे कधी राहिलाच नव्हता. ऊन, नोकरचाकर, मोकळी मैदानं, बँडचा आवाज यांतून उठून तो लंडनच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्तीत, धुकट थंडीत येऊन पडला. आपण नक्की कुठले, हा प्रश्न त्याला तेव्हापासून चिकटला. पुढे कादंबरीत तोच प्रश्न येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सिग्नलर म्हणजे कोण?

लंडनमध्ये मिलिगन कारखान्यात वगैरे कामं करायचा आणि संध्याकाळी जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. 1940 मध्ये सैन्यात भरतीचं बोलावणं आलं. कुठे? तोफखान्यात. बापाच्याच वाटेने. 56 व्या हेवी रेजिमेंटच्या ‘डी’ बॅटरीत तो गनर झाला. बॅटरी म्हणजे इथे सेल नव्हे हं, तोफांची तुकडी.

सुरुवातीचा किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. त्यांच्याकडे जुन्या, प्रचंड हॉवित्झर तोफा होत्या, पण गोळेच नव्हते. मग सराव कसा करायचा? तर तोफ भरल्याचं नाटक करायचं आणि हुकूम आला की सगळ्यांनी मिळून तोंडाने “धडाम्” असं ओरडायचं! समोरच्या किनाऱ्यावर हिटलरची फौज आणि इकडे हे तोंडाने धडाम् करतायत. त्याचा पुढचा सगळा विनोद इथूनच सुरू होतो असं मला वाटतं.

त्याचं काम होतं सिग्नलरचं. हे नीट समजून घेऊ, कारण गोष्टीची किल्ली इथे आहे. मोठी तोफ चालवणाऱ्याला आपला गोळा कुठे पडतोय ते दिसत नाही. तोफ असते मैलोन् मैल मागे, डोंगराआड. पुढे, शत्रू दिसेल अशा उंच जागी दोन-चार माणसं लपून बसतात. त्या जागेला ओपी म्हणतात, ऑब्झर्वेशन पोस्ट. ती माणसं बघतात आणि मागे कळवतात: गोळा दोनशे यार्ड पुढे पडला, थोडा डावीकडे घ्या. हे कळवायचं कशाने? टेलिफोनच्या तारेने किंवा वायरलेसने. ती तार अंथरणारा, तुटली की गोळीबारात जाऊन जोडणारा, वायरलेस कानाला लावून बसणारा माणूस म्हणजे सिग्नलर.

कारगिलच्या वेळी बोफोर्स तोफा धडाडताना आपण टीव्हीवर पाहिल्या, निदान त्या क्लिप तरी पाहिल्यात. त्या तोफांच्या पुढेही अशी बघणारी आणि कळवणारी माणसं असतातच. ती क्लिपमध्ये दिसत नाहीत.

म्हणजे बघा, मिलिगन वार्ताहर नव्हता. पण पुढे काय चाललंय ते मागच्यांना कळवणं हेच त्याचं काम होतं. फक्त त्याची ‘बातमी’ ऐकून लोक चहा पीत नव्हते, त्या बातमीवर पुढचा गोळा सुटत होता.

एक तोफ डोंगरावरून घसरते

1943 मध्ये त्याची रेजिमेंट उत्तर आफ्रिकेत, ट्युनिशियाच्या लढाईत उतरली. तिथे एक प्रसंग घडला तो तो आणि त्याचा दोस्त दोघेही आयुष्यभर सांगायचे. रेजिमेंटची एक अवजड हॉवित्झर नीट रोवलेली नव्हती. ती उडाली, मागे सरकली आणि कड्यावरून खाली गेली. खाली दुसऱ्या तुकडीचा एक छोटा वायरलेस ट्रक उभा होता. तोफ त्याच्याजवळच आदळली. थोड्या वेळाने ट्रकचा पडदा बाजूला करून एक माणूस आत डोकावला आणि इथे कुणी तोफ पाहिली का, असं विचारायला लागला. विचारणारा मिलिगन. ट्रकमधला हॅरी सीकम. आठ वर्षांनी हे दोघं मिळून ब्रिटनच्या रेडिओचा चेहरामोहरा बदलणार होते.

इथपर्यंत ऐकून वाटतं की काय मजा चालली होती युद्धात! थांबा.

जानेवारी 1944

ट्युनिशियानंतर इटली. 1943 च्या सप्टेंबरमध्ये रेजिमेंट सालेर्नोला उतरली आणि पाऊस, चिखल, डोंगर पार करत उत्तरेकडे सरकत राहिली. 1944 च्या जानेवारीत ते मोन्ते कासिनोच्या परिसरात होते. आपली, म्हणजे हिंदी सैन्याची चौथी आणि आठवी डिव्हिजनसुद्धा त्या वर्षी कासिनोच्या लढायांत होती, आणि त्यात मराठा पलटणीही इटलीत लढल्या. नगर, सातारा, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत ‘इटलीला गेलेला पणजोबा’ असतो, तो याच युद्धातला.

मिलिगन डोंगरावरच्या ओपीकडे सामान घेऊन चढत असताना जवळ मॉर्टरचा गोळा फुटला. पायाला जखम झाली. जखम तशी फार मोठी नव्हती. मोडलं ते दुसरंच काहीतरी. तो रडायला लागला आणि थांबेना. बोलताना अडखळायला लागला. तोफेचा आवाज झाला की थरथर सुटायची. थोड्या दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याला परत तोफांजवळ पाठवलं. ते जमणं शक्यच नव्हतं. वरिष्ठाने त्याची खालची फीत काढून घेतली, बढती रद्द केली. म्हणजे आजारी माणसाला शिक्षा केली. अखेर त्याला लढाईतून बाजूला करण्यात आलं.

आज आपण याला पीटीएसडी म्हणतो. रील्समध्ये तर कुठल्याही गोष्टीला म्हणतो, ते सोडा. पण हे नाव मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत 1980 मध्ये आलं. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणायचे, दुसऱ्यात ‘बॅटल एक्झॉशन’ म्हणजे लढाईचा थकवा वगैरे. शिपाई मात्र एकच शब्द ऐकायचा: भित्रा. मिलिगनच्या मनाला पायाच्या जखमेपेक्षा हा ठपका जास्त लागला. सत्तावीस वर्षांनी तो युद्धावर लिहायला बसला तेव्हाही तो राग ताजा होता.

मग तो सैन्याच्याच करमणूक विभागात गेला. एक व्हायोलिनवाला, एक डबल बासवाला आणि गिटारवर मिलिगन, असं त्रिकूट फाटक्या कपड्यांत स्टेजवर यायचं आणि सैनिकांना हसवायचं. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या हातात वायरलेस होता, त्याच्या हातात आता माइक आला.

आवाजांचा माणूस

28 मे 1951 रोजी बीबीसी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे ‘द गून शो’ या नावाने ओळखला गेला. मिलिगन, ट्रकवाला हॅरी सीकम आणि पीटर सेलर्स. सुरुवातीला मायकेल बेंटीनही होता. बहुतेक सगळं लेखन मिलिगनचं. जानेवारी 1960 पर्यंत हा कार्यक्रम चालला.

आज यूट्यूबवर याचे भाग शोधून ऐका. इंग्रजी जुनं आहे, पटकन कळणार नाही, पण कान देऊन ऐका. दर मिनिटाला काहीतरी फुटतंय! स्फोट, धावणारी पावलं, शिट्ट्या, कोसळणाऱ्या भिंती. पात्रं बॉम्बने उडतात आणि पुढच्या वाक्याला परत हजर. मूर्ख मेजर, लोभी कॅप्टन, हिंदुस्थानात नोकरी केल्याच्या बढाया मारणारा मेजर ब्लडनॉक. लोकांना तो निव्वळ वेडेपणा वाटायचा. मला ऐकताना एकच दिसतं: हा माणूस तोच स्फोट पुन्हा पुन्हा वाजवतोय, फक्त आता बटण त्याच्या हातात आहे आणि स्फोटानंतर कुणी मरत नाही.

पण विनोद म्हणजे औषध, हे वाक्य आपण जरा जपूनच वापरू. दर आठवड्याला अर्ध्या तासाची नवी संहिता, तिचं दडपण, वर युद्धातून आलेलं ते ओझं. 1952 च्या अखेरीस तो कोसळला आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. तिसऱ्या सत्रातल्या बऱ्याच भागांत तो नव्हता. त्यानंतर आयुष्यभर हे चक्र चालू राहिलं. त्याला बायपोलर डिसऑर्डर होता, तेव्हा त्याला मॅनिक डिप्रेशन म्हणत. सगळा देश हसत होता, आणि हसवणारा अधूनमधून इस्पितळात होता.

टीव्ही: चौकटच मोडू

टीव्हीवर त्याने 1956 मध्ये ‘अ शो कॉल्ड फ्रेड’ केला आणि 1969 मध्ये बीबीसीवर ‘क्यू फाइव्ह’. टीव्हीतल्या विनोदाला तोपर्यंत एक शिस्त होती. प्रसंग सुरू करायचा, रंगवायचा, शेवटी जोरदार पंच द्यायचा. मिलिगनने शेवटच काढून टाकला. प्रसंग मध्येच सोडून पात्रं कॅमेऱ्याकडे चालत यायची, कपड्यांवर कपडेपटाची चिठ्ठी तशीच लटकत असायची.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मॉन्टी पायथन’ सुरू झालं. त्या मंडळींनी ‘क्यू फाइव्ह’ पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला, की आपण जे करायचं ठरवतोय ते हा माणूस आधीच करतोय. त्यांनी मिलिगनचाच दिग्दर्शक, इयन मॅकनॉटन, आपल्याकडे घेतला. बीटल्सची पोरंही गून शो ऐकत मोठी झालेली. म्हणजे आज तुम्ही फोनवर जे विचित्र, अर्धवट तुटणारे, मध्येच संपणारे विनोदी व्हिडिओ बघता, त्यांच्या खापरपणजोबांपैकी एक नगरला जन्मलेला आहे.

आता जे बोलायलाच हवं तेही बोलते. 1969 मध्येच ‘करी अँड चिप्स’ नावाच्या मालिकेत मिलिगनने चेहरा तपकिरी रंगवून पाकिस्तानी-आयरिश माणसाची भूमिका केली. वंशवादावर टीका करतोय असा दावा होता. पण त्यातल्या शिव्यांवर लोक जे हसत होते ते टीका म्हणून नव्हे. सहा भागांत मालिका बंद करावी लागली. गून शोमध्येही लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रं आहेत, त्यांच्या उच्चारांची थट्टा होते. ‘आपल्या नगरचा’ म्हणून मिरवताना हे झाकायचं का? मला नाही वाटत. त्याचं हिंदुस्थानावर प्रेम होतं, आणि साहेबाच्या पोराची नजरही त्याच्याकडे होती. दोन्ही खरं आहे.

पासपोर्ट आणि कादंबरी

आता येतो श्रीगोंद्याच्या मित्राच्या प्रश्नाचा गाभा: कादंबरी.

1960 च्या सुमारास मिलिगनच्या पुढ्यात एक अजब अडचण आली. ब्रिटनने नागरिकत्वाचे आणि प्रवेशाचे नियम कडक केले. मिलिगनचा बाप आयर्लंडमध्ये जन्मलेला, आयर्लंड स्वतंत्र झालेलं. तो स्वतः नगरला जन्मलेला, भारतही स्वतंत्र झालेला. ब्रिटिश सैन्यात लढला, जखमी झाला, बीबीसीवरून सगळ्या देशाला हसवलं, पण ब्रिटिश पासपोर्टवरचा त्याचा हक्क आपोआप राहिला नाही. राजनिष्ठेची शपथ घ्या, असं सांगण्यात आलं. युद्धात रक्त सांडलं ते पुरेसं नाही का, असं म्हणून त्याने नकार दिला. वडिलांच्या जन्मावरून आयर्लंडने त्याला नागरिकत्व दिलं. 1962 पासून तो आयरिश नागरिक होता.

आणि 1963 मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, ‘पकून’.

‘पकून’ हे आयर्लंडमधलं एक काल्पनिक खेडं. काळ 1924. आयर्लंडची फाळणी झालेली आहे आणि सीमा आखायचं काम चालू आहे. कंटाळलेले अधिकारी नकाशावर रेघ ओढतात आणि ती रेघ नेमकी पकूनच्या मधून जाते. गावातल्या दारूच्या गुत्त्याचा एक कोपरा पलीकडच्या देशात जातो. तिकडे दारू स्वस्त, म्हणून सगळे गिऱ्हाईक त्या एका कोपऱ्यात कोंबून उभे राहतात! चर्च एका देशात, त्याची दफनभूमी दुसऱ्या. मग मेलेल्या माणसाला पुरायचं तर त्यालाही सीमा ओलांडायची कागदपत्रं हवीत.

कादंबरीचा नायक डॅन मिलिगन हा आळशी माणूस आहे आणि तो अधूनमधून थेट लेखकाशी भांडतो, मला असले पाय का दिलेस म्हणून. म्हणजे रेडिओतला, टीव्हीतला चौकट मोडायचा खेळ इथेही आहे.

पण आपण, फाळणी पाहिलेल्या देशातले लोक, हे वाचताना निव्वळ हसू शकत नाही. 1947 मध्ये सर सिरिल रॅडक्लिफ जुलैत भारतात आले आणि पाच आठवड्यांच्या आत त्यांनी पंजाब आणि बंगालच्या मधून रेघ ओढली. मिलिगनने कादंबरी आयर्लंडवर लिहिली, पण रेघ ओढणारा साहेब कसा वागतो हे त्याला छावणीत जन्मल्यामुळे जवळून ठाऊक होतं. आणि कागदाचा एक तुकडा तुम्हाला परका ठरवू शकतो, हे तर त्याने नुकतंच भोगलं होतं.

इथे पेरेस-रेवेर्ते आणि मिलिगन यांच्यातला फरक बघा. स्पॅनिश बातमीदार युद्ध सोडून कादंबरीकडे आला आणि कादंबरीत युद्धच घेऊन आला. मिलिगनच्या पहिल्या कादंबरीत महायुद्ध नाही. ते लिहायला तो तयारच नव्हता.

सत्तावीस वर्षांनी

1971 मध्ये तो तयार झाला. ‘अॅडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल’ हे युद्धाच्या आठवणींचं पहिलं पुस्तक आलं. मराठीत सांगायचं तर, ‘हिटलर: त्याच्या पाडावात माझा वाटा’. नावातच थट्टा आहे. एका साध्या गनरचा वाटा केवढा? पण फौज अशाच गनरांची असते ना? 1973 मध्ये त्यावर सिनेमा निघाला आणि त्यात मिलिगनने स्वतःच्या वडिलांची भूमिका केली.

एकूण सात पुस्तकं झाली, शेवटचं 1991 मध्ये. त्यांत रेजिमेंटच्या नोंदी आहेत, फोटो आहेत, पत्रं आहेत, खऱ्या तारखा आहेत आणि मध्येच हिटलरचे खोटे संवादही आहेत. पान पान हसवतं आणि मग एखाद्या ओळीत, काहीही तयारी न करता, सकाळी चहा पिताना भेटलेला मित्र दुपारी गेल्याचं येतं. लेखक तिथे थांबत नाही. पुढच्या ओळीत परत विनोद. आधी मला हे खटकलं. मग लक्षात आलं, आघाडीवर असंच घडत असणार. थांबायला, रडायला वेळच नसतो. ते रडणं मागाहून येतं, कधी कधी सत्तावीस वर्षांनी.

चौथ्या पुस्तकात, 1978 च्या, कासिनोजवळचा तो गोळा येतो. तिथे मात्र विनोद आटतो. स्वतः रडत होतो, अडखळत होतो, अपमान झाला, हे तो सरळ सांगून टाकतो. त्या पिढीतल्या पुरुषाने, सैनिकाने, तेही प्रसिद्ध माणसाने हे असं छापून टाकणं साधी गोष्ट नव्हती. 1993 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने नैराश्यावर एक पुस्तकच लिहिलं.

आता माझ्या मामांबद्दल

हा भाग करायचं आणखी एक कारण आहे. माझे एक मामा सैन्यातून निवृत्त झाले. आपल्या जिल्ह्यात असे मामा, काका, आजोबा घरटी सापडतील. लहानपणी आम्ही मागे लागायचो, मामा, युद्धाचं सांगा ना. मामा सांगायचे, पण फक्त गमती. लंगरमधली करपलेली डाळ, बर्फात हरवलेला बूट, खेचराने कसं पाडलं. आम्ही पोट धरून हसायचो. मला वर्षानुवर्षं वाटायचं की मामांनी युद्ध पाहिलंच नसावं. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते माडीवर जाऊन खिडक्या लावून बसायचे, हे मी रोज बघत होते. पण या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नाहीत. मिलिगनची पुस्तकं वाचल्यावर जोडल्या.

मामांना मी अजून विचारलेलं नाही. विचारावं की नाही तेही कळत नाही. पण आता ते खेचराची गोष्ट सांगतात तेव्हा मी ती शेवटपर्यंत ऐकते आणि संपल्यावर लगेच उठत नाही. थोडा वेळ बसून राहते. कधी पुढे काही आलं तर येईल.

बातमीला घाई असते. आज पूल उडाला, आज दाखवायचा. माणसाला मात्र वेळ लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. पेरेस-रेवेर्तेने नोकरी सोडली त्याच वर्षी लिहिलं, मिलिगनला 1944 पासून 1971 यावं लागलं. कादंबरी, आठवणी, विनोद, काहीही असो, जिथे उशीर झाला तरी चालतो अशी एक जागा माणसाला लागते. लिहिणं ही तशी जागा आहे, म्हणून युद्ध पाहिलेली माणसं तिकडे येतात असं मला वाटतं.

तुमच्या घरात कुणी अशा ओझ्याखाली असेल, सैनिक असो नसो, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर 14416. मराठीतही बोलता येतं. सेव्ह करून ठेवा.

स्पाइक मिलिगन 27 फेब्रुवारी 2002 रोजी गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर एक आयरिश भाषेतली ओळ कोरली आहे. इंग्रजीत ती कोरायला चर्चची मंडळी राजी नव्हती, म्हणून आयरिशमध्ये. तिचा अर्थ असा: सांगितलं होतं ना तुम्हाला, मी आजारी आहे म्हणून.

लोक तिथे जाऊन हसतात. हसायलाच हवं, त्याने लिहिलीच त्यासाठी. पण आता तुम्हाला जानेवारी 1944 माहीत आहे, तेव्हा हसून झाल्यावर ती ओळ परत एकदा वाचा.

तुमच्या घरातल्या फौजी माणसाने सांगितलेली एखादी गमतीची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. त्यांना विचारून पाठवा बरं का.